‘ध’चा ‘मा’ आणि तनाग्रा

‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी मालिकेचा ‘दारमॉक’ हा भाग सप्टेंबर १९९१ मध्ये दाखवला गेला. तेव्हापासून त्याची स्तुती होते आणि स्तुतीपाठोपाठ एक ठरावीक आक्षेपही येतो : हे सगळं छान आहे, पण अशी भाषा असूच शकत नाही. मला हा आक्षेप वरवर बिनतोड आणि आतून पोकळ वाटतो.

आधी गोष्ट. तमारियन नावाच्या परग्रहवासीयांचं बोलणं अनुवादयंत्र शब्दाला शब्द लावून सांगतं, तरी कुणाला काही उमगत नाही. कारण ते फक्त आपल्या पुराणातल्या दाखल्यांनी बोलतात. ‘शाका, भिंती कोसळल्या तेव्हा’ म्हणजे अपयश. ‘टेम्बा, बाहू पसरलेले’ म्हणजे हे घे. वाटाघाटी फसतात, तेव्हा त्यांचा कप्तान डेथॉन मालिकेतल्या माणसांच्या जहाजाचा कप्तान पिकार्ड याला उचलून एका ओसाड ग्रहावर नेतो आणि त्याच्यापुढे खंजीर धरतो. पिकार्डला ते द्वंद्वाचं आव्हान वाटतं. डेथॉनला मात्र दोघांनी मिळून तिथल्या श्वापदाशी लढायला हवं असतं, तमारियन पुराणातले दारमॉक आणि जलाद तनाग्राला लढले तसं.

आक्षेपकांचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडू. एक, शाकाची गोष्ट पोराला सांगायची तर ‘भिंत’ आणि ‘कोसळणं’ हे शब्द आधी साध्या अर्थाने यायला हवेत. म्हणजे साधी भाषा आहेच, मग ती लपवली कुठे? दोन, इंजिनाशी झटणाऱ्या तमारियनाने ‘तेरा नंबरचा पाना दे’ हे कुठल्या पुराणातून सांगायचं? तीन, ज्या यंत्राला ‘बाहू’ कळतात त्याला अर्थ कळू नये, ही निव्वळ लेखकाची सोय.

तिसरा सर्वांत कच्चा, म्हणून तो आधी. ‘त्याने ध चा मा केला’ हे वाक्य मराठी न येणाऱ्याला शब्दशः सांगून पाहा. दोन अक्षरं त्याच्या हाती लागतील. १७७३ साली शनिवारवाड्यात झालेला नारायणरावांचा खून, आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ करणाऱ्या काकूची आख्यायिका त्या अक्षरांत कुठे सापडणार? यंत्र नापास झालं यात लेखकाची सोय नाही. शब्दशः भाषांतर नेहमी इथेच अडतं.

पहिला आक्षेप जास्त वजनदार आहे, पण त्याच्या पोटात एक चुकीचं गृहीत आहे : गोष्ट आधी, वाक्प्रचार मागून. आपला अनुभव बरोबर उलटा. कचेरीत फाइल अडली की कुणीतरी म्हणतं, ‘मध्ये झारीतले शुक्राचार्य बसलेत.’ ऐकणाऱ्या विशीतल्या पोराला वामन-बळीची कथा धड सांगता येत नसेल, पण अर्थ त्याला तत्क्षणी कळतो. ‘पानिपत झालं’ हे मी स्वतः १७६१ सालाशी ओळख होण्याच्या कितीतरी आधी शिकलो, गल्लीतल्या हरलेल्या क्रिकेटच्या सामन्यात. गोष्ट इतिहासाच्या तासाला आली, तेव्हा शब्द जुना झाला होता. अर्थ गोष्टीतून आला नव्हता. तो प्रसंगातून आला होता.

पान्याचा आक्षेप मात्र मी मान्य करतो. पटकथेत त्याला उत्तर नाही. विज्ञानकथा आपल्या भाषेतला एक खरा गुण घेते आणि तुटेपर्यंत ताणते. ताणल्याची खूण कुठेतरी दिसणारच. पण ताणलेली गोष्ट खोटी होती, एवढं काही त्यातून सिद्ध होत नाही.

आता मंडन. या भागाची खरी करामत दोन ठिकाणी चाललेल्या दोन अभ्यासांच्या तुलनेत आहे. वर जहाजावर पिकार्डचे सहकारी डेटा आणि ट्रॉय संगणकात नावं शोधतात आणि हे लोक दाखल्यांनी बोलतात हे बरोबर ओळखतात. तरी त्यांना एक वाक्य बोलता येत नाही; भाषेची घडण कळली, भाषा हाती आली नाही. खाली पिकार्डला रात्री शेकोटी पेटवता येत नाही. डेथॉन स्वतःच्या शेकोटीतलं जळतं लाकूड त्याच्याकडे फेकतो आणि म्हणतो, ‘टेम्बा.’ शब्दकोश तिथे उघडतो, हातात ऊब येते तेव्हा.

डेथॉनला हे आधीपासून ठाऊक होतं. त्याने शब्दांची यादी पाठवली नाही, प्रसंग उभा केला. त्याची किंमतही त्यानेच मोजली. ऐन झुंजीत जहाजावरचे सहकारी पिकार्डला वाचवायला वर खेचू लागतात, तो जागच्या जागी जखडतो आणि एकटा पडलेला डेथॉन जीवघेणा जखमी होतो. हेतू चांगला, यंत्रं उत्तम. फक्त खाली काय चाललंय हे वरच्यांना कळलेलं नव्हतं. मरणाऱ्या डेथॉनला पिकार्ड गिल्गमेश आणि एन्किडूची कथा सांगतो. दोन मित्र, एक मृत्यू. त्यातले शब्द त्याला कळले नसतील, पण तो ऐकत राहतो.

शेवटी पिकार्ड तमारियनांशी त्यांच्याच रीतीने बोलतो, आणि त्यांच्या तोंडून नवा दाखला येतो : ‘पिकार्ड आणि डेथॉन, एल-ॲड्रेलला.’ अशक्य ठरवलेली भाषा आपल्या डोळ्यांदेखत एका वाक्याने वाढते. मग पिकार्ड मृताचा खंजीर परत देऊ करतो. समोरचा म्हणतो, ‘टेम्बा, विसावलेला.’ पिकार्ड त्याचा अर्थ विचारत नाही. तो आभार मानतो आणि खंजीर ठेवून घेतो.