शॉवरसमोरची सिल कोणाच्या कामात?

शॉवरच्या टप्प्यातली खिडकी गळू लागली की आपल्या व्यवसायात पहिला हात जातो तो सिलिकॉनच्या नळीकडे. चौकट आणि टाइल यांच्या कोपऱ्यात पांढरी रेघ ओढली जाते, काही दिवस सगळे कोरडे वाटते, आणि मग शेजारच्या बेडरूममध्ये रंगाचे पापुद्रे सुटतात किंवा खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते. दोष नळीतल्या मालाचा क्वचितच असतो. सिलवर आलेले पाणी तिथेच अडवायचे, हा बेतच मुळात फसवा आहे. त्या पाण्याला वाट द्यावी लागते, आणि ती टाइलच्या आधी, प्लास्टरच्या वेळीच ठरते.

बालदी-तांब्याने अंघोळ होई तेव्हा खिडकी झरोक्याएवढी आणि उंचावर असे. पाणी तिथवर फारसे चढत नसे. शॉवर आला, खिडकी मोठी होऊन खाली उतरली, बसवण्याची रीत मात्र तीच राहिली. ग्रॅनाइटची चौकट मसाल्यावर सपाट बसवायची. मग सर्वांत शेवटी ॲल्युमिनियमवाला येऊन सिलमध्ये ड्रिल मारणार आणि स्लायडिंगचा ट्रॅक स्क्रूने आवळणार. सिमेंटचे ग्राउट पाणी पुरते रोखत नाही. सपाट सिलवर थांबलेले पाणी सांध्यांतून आणि स्क्रूच्या भोकांतून खालच्या मसाल्यात मुरते, आणि दगडाखाली कोंडलेला तो मसाला सहसा वाळत नाही. ट्रॅकची वीप होल पावसाचे पाणी बाहेर टाकण्यासाठी असतात. साबणाच्या मळीने ती बुजली की भरलेला ट्रॅक आतल्या बाजूने वाहू लागतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळी वारा पाणी भिंतीवर आडवे मारतो, म्हणजे हीच सिल दोन्ही अंगांनी भिजते.

म्हणूनच एकाच सपाट दगडावर दोन्हीकडचे पाणी सोपवू नये. ट्रॅकखाली दहा-पंधरा मिमी उंचीची पट्टी ठेवावी. पट्टीच्या आतल्या बाजूच्या सिलला न्हाणीकडे आणि बाहेरच्या बाजूच्या सिलला बाहेर ढाळ द्यावा. 100 मिमी रुंदीला 5 मिमी ढाळ पुरे. बाहेरची कड भिंतीच्या पुढे काढून तिच्या पोटात खाच मारली की थेंब भिंतीला न चिकटता सुटून पडतो. वॉटरप्रूफिंगचा लेप सिलच्या मसाल्याखालून जावा, दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींवर चढावा आणि पुढे उतरून खालच्या भिंतीच्या लेपावर यावा. कौले रचताना वरचे खालच्यावर येते, तसे. कोपऱ्यांत वाटा मारून जाळीची पट्टी लेपात दाबावी, कारण लेप प्रथम तिथेच तडकतो. फ्रेमचे स्क्रू उभ्या बाजूंना घ्यावेत, तळाला नको. सिलिकॉनची पाळी यानंतर, तेही कोपऱ्यावर फासून नव्हे तर बॅकर रॉड घातलेल्या सांध्यात, दोनच कडांना धरून. संगमरवर असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये; त्यातले आम्ल दगडाला खाते.

यावर पहिली हरकत ग्राहकाची असते: उतरत्या सिलवर शॅम्पूची बाटली राहत नाही. हरकत खरी आहे, म्हणून बाटलीसाठी वेगळा कोनाडा काढावा (त्याच्या तळालाही ढाळ आणि लेप हवाच, हे बहुतेकदा विसरले जाते). दुसरी हरकत, आजचे पॉलिमर लेप सगळे झाकतात. झाकतात, पण लेपानंतर मारलेल्या भोकाला कुठलाच लेप झाकत नाही. खिडकीच नको म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की ओल्या खोलीला हवा मिळाली नाही तर बुरशी धरते, आणि पंखा रोज चालू केला जाईलच याची हमी ड्रॉइंग देऊ शकत नाही.

वजनदार हरकत एकच, जबाबदारीची. चौकट गवंड्याची, ट्रॅक ॲल्युमिनियमवाल्याचा, लेप वॉटरप्रूफिंगवाल्याचा; गळती मात्र कोणाचीच नाही. पाणी साठवून घेतली जाणारी चाचणीही फरशीपुरतीच असते, सिल तिच्यात कधी येतच नाही. आमची सूचना अशी: सिल आणि तिच्या दोन्ही बाजू वॉटरप्रूफिंगच्या बाबीत मोजाव्यात, ट्रॅक बसल्यावर सिलवर शॉवर सोडून चाचणी घ्यावी, आणि शेवटचे बिल त्या चाचणीनंतरच मंजूर व्हावे. दर थोडा वाढेल. टाइल फोडून तेच काम पुन्हा करण्याचा दर याच मासिकाच्या वाचकांना तोंडपाठ आहे.