ओकायू : आजारपणातली जपानी पेज, पण किती दिवस?

तापाने तोंडाची चव गेली, पोट बिघडले की जपानमध्ये घरोघरी ‘ओकायू’ शिजते. भरपूर पाण्यात मंद आचेवर मऊ शिजवलेला तांदूळ, चिमूटभर मीठ आणि वर ‘उमेबोशी’ नावाचे खारवलेले आंबट फळ. आपल्या पेजेची सख्खी बहीणच म्हणा ना!

ही पेज पचायला हलकी का? जास्त पाण्यात शिजताना तांदळातील पिष्टमय पदार्थ फुगतात आणि दाणा फुटतो. स्निग्धांश आणि चोथा जवळजवळ नसतो, त्यामुळे पोटावर भार पडत नाही. शिवाय शरीरात पाणीही जाते.

पण हलके म्हणजे पौष्टिक, असे समजू नका. १०० ग्रॅम ओकायूतून प्रथिने मिळतात जेमतेम १ ग्रॅम. आजारातून उठणाऱ्या माणसाला, विशेषतः वयस्कर व्यक्तीला, झिजलेले स्नायू भरून काढायला प्रथिनेच लागतात. ‘पचत नाही’ म्हणून आजी-आजोबांना आठवडेच्या आठवडे नुसत्या पेजेवर ठेवले, तर आजार बरा होतो, पण अंगातली ताकद परत येत नाही.

म्हणूनच माझ्या मते, जपान्यांकडून घ्यायची ती पाककृती नव्हे, पायऱ्या. आधी ‘ओमोयू’, म्हणजे पेजेवरचे गाळलेले पाणी. मग ‘गोबुगायू’ : १ वाटी तांदळाला १० वाट्या पाणी. पुढे ‘झेनगायू’ : १ वाटीला ५ वाट्या. शेवटी नेहमीचा भात. तिथल्या रुग्णालयांतही आहार असाच टप्प्याटप्प्याने वाढवण्याची पद्धत आहे. भूक परतली की ओकायूत अंडे फेटून घालतात किंवा रस्स्यात भात, अंडे, भाज्या शिजवून ‘झोसुई’ करतात.

आपणही तेच करा. उलटी-जुलाब थांबले, भूक लागू लागली की पेज दाट करा. त्यात मुगाची डाळ, अंडे किंवा सोबत दही द्या.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पारंपरिक उमेबोशीत वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा मीठ असू शकते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ती टाळावी. मधुमेहींनी पेजेचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे, कारण तिने साखर लवकर वाढू शकते.

आणि दोन-तीन दिवसांनंतरही पेजेखेरीज काही पोटात ठरत नसेल, तर पेज आणखी पातळ करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.