शाईतला पहारा

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून 'ऑरिक' हे नवे औद्योगिक नगर आकाराला येत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तेथील 'ऑरिक हॉल'चे उद्घाटन झाले. उद्योग आला की जमिनीला भाव येतो आणि भाव आला की बनावट खरेदीखतांचे भयही येते.

महाराष्ट्राला हे निराळे सांगायला नको. नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रे मिळवून अब्दुल करीम तेलगीने मुद्रांक छापले आणि ते बँका, विमा कंपन्यांपर्यंत पोहोचले. नोव्हेंबर २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली, तर जानेवारी २००६ मध्ये तीस वर्षांची सक्तमजुरी. यंत्र खरे, म्हणून छपाईही खरी वाटणारी! दोष यंत्राचा नव्हता. ते मोडीत काढताना निकामी न करणाऱ्यांचा होता.

आता मोहालीच्या नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने नवी शाई तयार केली आहे. स्ट्रॉन्शियम-बिस्मथ फ्लोराइडच्या अतिसूक्ष्म कणांत अर्बियम, यटर्बियम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये मिसळलेली असतात. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात हे कण निळसर चमकतात, ३९५ मध्ये किरमिजी, तर ९८० च्या अवरक्त प्रकाशात नारिंगी-लाल. अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. कण ती ऊर्जा शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. झेरॉक्स यंत्र रंगाची नक्कल करील. हा गुणधर्म कसा उतरवणार? मार्च २०२२ मध्ये म्हैसूरला रिझर्व्ह बँकेच्या नोटमुद्रण कंपनीचा 'वर्णिका' हा शाईचा कारखाना राष्ट्रार्पण झाला. नोटांच्या शाईसाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहणाऱ्या देशाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

मुद्रांक शुल्क आता संगणकावरून भरता येते हे खरे. परंतु जुनी खते, पदवीपत्रे, जातीचे दाखले यांचा कारभार अजून कागदावरच चालतो. तेथे ही शाई अवश्य वापरावी. मात्र ज्या कारकुनाच्या टेबलावर दिवाच नाही, त्याच्यापुढे तिन्ही रंग मुके आहेत. शिवाय, खऱ्या कागदावर तोतया मालकाने सही केली, तर शाई काय करणार?

म्हणून शासनाने आधी दुय्यम निबंधक कार्यालयांत तपासणीचे दिवे द्यावेत, ते हाताळणारी माणसे तयार करावीत आणि उरलेल्या शाईचा, बाद झालेल्या यंत्रांचा हिशेब काटेकोर ठेवावा. आरंभ शेंद्रा परिसराचे दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयापासून करता येईल.