एक शिक्का, लाखो ठसे

ग्रंथालयातील पुस्तकांवर उमटणारा शिक्का आपण सर्वांनी पाहिला आहे. हजार पुस्तकांसाठी कोणी हजार शिक्के करून घेत नाही. शिक्का एकच असतो. तो कोणत्या पानावर, कोणत्या कोपऱ्यात आणि निळ्या शाईत की जांभळ्या, हे उमटवणारा त्या त्या वेळी ठरवतो. संगणकाची स्मृती, म्हणजेच मेमरी वाचवण्याची एक नामी युक्ती नेमकी याच तत्त्वावर चालते.

समजा, शंभर पानांची एक कादंबरी संगणकावर टंकलिखित केली आहे. एका पानावर दोन हजार अक्षरे धरली तर एकूण दोन लाख अक्षरे झाली. प्रत्येक अक्षराची वेगळी नोंद ठेवून तिच्यात त्याचे वळण वगैरे सारा तपशील भरला आणि एका नोंदीला 100 बाइट लागले, तर 2 कोटी बाइट खर्ची पडतील. पण मराठीतील जोडाक्षरे धरूनही वेगवेगळे आकार किती? पाचशे धरू. हे पाचशे आकार एकदाच साठवले, तर 50 हजार बाइट पुरतात. मग प्रत्येक जागी फक्त आकाराचा क्रमांक लिहायचा. त्याला दोन बाइट पुरे, म्हणजे आणखी 4 लाख. एकूण साडेचार लाख! बचत चाळीस पटींहून अधिक. अक्षर कुठे बसणार, ते ओळीतील आधीच्या अक्षरांवरून कळते. ते शिक्क्यात कोरण्याची गरजच नाही.

पॉल कॅल्डर आणि मार्क लिंटन यांनी 1990 साली ही कल्पना मांडली. पुढे 1994 मध्ये एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्लिसिडीस या चौघांनी आज्ञावली रचण्याच्या 23 नमुन्यांचे पुस्तक लिहिले. त्यात या नमुन्याला 'फ्लायवेट' म्हटले आहे. हे नाव मुष्टियुद्धातील हलक्या वजनगटाचे. वस्तू इतकी हलकी करायची, की ती लाखो ठिकाणी वापरली तरी भार पडू नये. संगणकावरील खेळात घनदाट जंगल दिसते, तिथेही झाडाचा साचा एकच ठेवून जागा, उंची व रंगछटा तेवढी बदलता येते.

मात्र या काटकसरीला एक पथ्य आहे. सामाईक वस्तूत कोणी परस्पर बदल करायचा नाही. ग्रंथालयाचा शिक्का कोणी तासला, तर पुढचे ठसे बिघडतील, मागचे शाबूत राहतील. संगणकात मात्र पडदा पुन्हा पुन्हा रंगवला जातो. त्यामुळे एका 'क'चा सामाईक आकार बदलला, की कादंबरीतले सगळेच 'क' बदलले! म्हणून अशा वस्तू एकदा घडवल्या की कुलूपबंद ठेवतात. एखादा 'क' लाल हवा असेल, तर तो रंग बाहेरून, त्या जागेपुरता सांगायचा.

आपल्या घरातील मुले जावा भाषा शिकत असतील, तर त्यांना हा नमुना नकळत भेटतो. त्या भाषेत उणे 128 ते 127 हे पूर्णांक वस्तुरूपात लागले, तर एरवी आधीच केलेल्या सामाईक वस्तू वापरल्या जातात. दोन ठिकाणचे 127 ही एकच वस्तू असते, पण दोन ठिकाणचे 128 बहुधा दोन वेगळ्या वस्तू निघतात. नवशिक्याने मूल्याऐवजी वस्तूंचीच तुलना केली, की 127 ला बरोबर येणारे उत्तर 128 ला चुकते आणि तो चक्रावून जातो.

वस्तू मोजक्याच असतील, किंवा प्रत्येक वस्तू खरोखरच निराळी असेल, तर ही खटपट व्यर्थ. सामाईक वस्तू शोधून देण्यातही संगणकाचा थोडा वेळ जातो. तेव्हा आधी दोन प्रश्न विचारावेत: वस्तू पुष्कळ आहेत का, आणि त्यांच्यात न बदलणारा भाग मोठा आहे का? दोन्हींचे उत्तर 'होय' आले, तरच एक शिक्का करावा.