चोविसाची थाप

मोबाइलवरच्या खेळांबद्दल एखादा मास्तर लिहायला बसला म्हटले की फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या वाचकांना पुढचा मजकूर तोंडपाठ असतो. पोरे बिघडली, डोळे गेले, मैदाने ओस पडली! तो लेख मलाही लिहिता येतो, आणि वेळ आली तर लिहीनही. यंदा मात्र मी मुलांचे वकीलपत्र घेतले आहे. तेही ज्या मुद्द्यावर आम्ही वडीलधारी मंडळी त्यांना हमखास खोटे पाडतो, नेमक्या त्याच मुद्द्यावर. मुले म्हणतात, पडद्यावर सेकंदाला ३० चित्रे उमटली, ६० उमटली की १२० उमटली, यात फरक आहे आणि तो दिसतो. आम्ही म्हणतो, छट्! माणसाच्या डोळ्याला चोविसापलीकडे काही दिसतच नाही.

हे चोवीस मोजले कोणी? कोणत्या नेत्रवैद्याने? कोणी विचारीत नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो एवढे एक अर्धवट सत्य कानावर पडलेले असते, आणि त्यातून जो तो आपापल्या मनाने डोळ्याची हद्द आखून मोकळा होतो.

मीही झालो होतो. मी मॅट्रिक झालेला, चित्रकला शिकवणारा माणूस. सुट्ट्यांत कादंबऱ्या लिहितो, म्हणून विज्ञानातलेही आपल्याला थोडे कळते असा माझा गोड गैरसमज. आमच्या घाटकोपरच्या शाळेत नववीच्या वर्गात वहीच्या कोपऱ्यावर चित्रे काढून ती भराभर उलटायचा खेळ मी दरवर्षी शिकवतो. त्या तासाला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, गेममध्ये ३० आणि ६० मध्ये जमीनअस्मानाचा फरक पडतो." मी हसलो. चोविसाचे ते वाक्य त्याच्या तोंडावर फेकले. वर्ग फिदीफिदी हसला. मुलगा खाली बसला.

शाळा सुटल्यावर तो परत आला. चित्रकलेच्या खोलीत अजून जुनी, चोकवाली ट्यूबलाइट आहे. फळ्यासमोर उभे राहून त्याने माझी पांढरी पट्टी हातात घेतली आणि सपासप हलवली. एक पट्टी दिसायला हवी होती, किंवा एक पांढरा फराटा. दिसले ते वेगळेच. जपानी पंख्याच्या काड्यांसारख्या एकीशेजारी एक अशा कितीतरी पट्ट्या! मग खिडकीपाशी, उन्हाच्या उजेडात, त्याने तीच पट्टी तशीच हलवली. तिथे नुसता फराटा. "सर, ही ट्यूब सेकंदाला किती वेळा लुकलुकते?" मला ठाऊक नव्हते. विज्ञानाच्या बाईंनी सांगितले: आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, आणि प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा उजळतो; म्हणजे सेकंदाला १०० वेळा. नुसत्या दिव्याकडे पाहिले तर ही लुकलुक जाणवत नाही, हे खरे. पण वस्तू हलू लागली की तोच डोळा शंभरातले तुटक तुकडे वेगळे करून दाखवतो. चोविसाचे कुंपण कुठे गेले?

ते कुंपण होतेच कुठे! हा २४ चा आकडा डोळ्यातून निघालेलाच नाही, तो निघाला कारखान्यातून. ७ जुलै १८९६ रोजी आपल्या मुंबईत, वॉटसन हॉटेलात, ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखवली गेली. त्यांचे यंत्र सेकंदाला सुमारे १६ चित्रांचे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, तो हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर घेतलेला. दांडी फिरवणाऱ्याचा हात जसा चालेल तसा वेग! आणि या माणसाने त्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडीथोडी टिपून, महिन्याभराचा कोंब पडद्यावर क्षणात वाढवून दाखवला होता. चित्रांचा वेग ही देवाने ठरवलेली गोष्ट नसून कारागिराच्या हातातली आहे, हे फाळक्यांना जितके कळले होते तितके आमच्यासारख्या चोविसाच्या भक्तांना शंभर वर्षांनंतरही कळू नये?

पुढे बोलपट आला. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला. फितीच्या कडेला आवाज उमटवायचा तर फीत एकाच ठाम वेगाने पळायला हवी; फार हळू पळाली तर आवाज घोगरा होतो, फार जोरात पळवावी तर निर्मात्याचे दिवाळे निघते. ३५ मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटात १६ चित्रे बसतात. सेकंदाला २४ म्हणजे दीड फूट, मिनिटाला ९० फूट! आवाज बरा आणि खर्च परवडणारा, असा हा व्यवहारी सौदा होता. शिवाय सेकंदाला २४ उघडझापा डोळ्यांना खुपतात, म्हणून प्रक्षेपकाच्या पात्यांनी तेच चित्र दोनदा, तीनदा उजळून दाखवावे लागे. म्हणजे ज्यांनी चोवीस ठरवले, त्यांचाही चोविसावर भरवसा नव्हता.

२०१२ साली 'द हॉबिट' हा चित्रपट सेकंदाला ४८ चित्रांनी काढला, तर कितीकांनी नाके मुरडली. फार खरेखुरे दिसते, सिनेमासारखे वाटत नाही म्हणून. अहो, फरक दिसतच नव्हता तर नाक मुरडले कशाला?

कोणी म्हणेल, पण मग २४ चा सिनेमा आम्हाला गोड कसा लागतो? त्याचे कारण चित्रकाराला चटकन समजेल. धावता घोडा कॅमेरा टिपतो तेव्हा झाकण उघडे असेपर्यंत घोडा थोडा पुढे सरकतो, आणि चित्रात त्याचा पुसट फराटा उमटतो. तो फराटा दोन चित्रांमधली फट सांधतो. गेममधले यंत्र चित्र टिपीत नाही, गणिताने रचते. प्रत्येक चित्र कोरीव, थिजलेले. फट उघडी राहते. आणि दुसरे असे की सिनेमात आपण नुसते बघतो, खेळात आपला अंगठा गुंतलेला असतो. सेकंदाचे हजार भाग केले तर ३० च्या वेगात नवे चित्र ३३ भागांनी येते, ६० मध्ये १७ भागांनी. शत्रू भिंतीआडून बाहेर आला ही बातमी एकाला तेवढी आधी मिळते. विटीदांडूत विटी कधी उडाली हे उशिरा कळणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल?

आता मुलांचे वकीलपत्र घेतले म्हणून दुकानदाराचेही घेतले, असे कोणी समजू नये.

त्याचे असे झाले. त्या मुलाच्या वडिलांना, ते रिक्षा चालवतात, नवा फोन घेण्याचा हट्ट ऐकून कंटाळा आला होता. खोक्यावर १२० चा आकडा छापलेला, किंमत हप्त्यांवर. त्यांनी मुलाला गप्प केले ते कशाने? "तुझे सरच म्हणाले ना, डोळ्याला दिसत नाही म्हणून!" माझी थाप घरी जाऊन त्या पोराच्या छातीवर बसली होती. हे कळले तेव्हा मला रात्री नीट झोप लागली नाही.

मी त्या दोघांना घेऊन दुकानात गेलो. १२० हा आकडा पडद्याचा होता. पडदा सेकंदाला १२० वेळा बदलू शकतो; पण गेमने तितकी चित्रे रचून तर द्यायला हवीत! फोनची ताकद पाहून गेम आपली मर्यादा ठरवतो. शिवाय अर्धा तास खेळल्यावर फोन तापतो आणि आपण होऊन दम खातो. मी म्हटले, गेम लावून दाखवा. दुकानदार हप्त्यांचे कोष्टक दाखवू लागला.

वेगाचे गणित घाटकोपरच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. बारा मिनिटांनी येणारी गाडी सहा मिनिटांनी येऊ लागली तर जन्माचे कल्याण. सहाची तीन झाली तरी बरे. तिनाची दीड झाली तर किती जण पेढे वाटतील? तसेच इथे. ३० वरून ६० ला गेलात तर हजारातले १७ भाग वाचतात, ६० वरून १२० ला गेलात तर ८, आणि १२० वरून २४० ला गेलात तर फक्त ४. पट तोच, पदरात पडते ते निम्मे. आमच्या घरात ६० आणि १२० मधला फरक मला मजकूर वरखाली सरकवताना कळला, हिला मुळीच कळला नाही. आणि आम्ही दोघेही खरे बोलत होतो. शिवाय तीन गाड्या एकामागोमाग आणि मग वीस मिनिटे शुकशुकाट, हा प्रकार नियमित सहा मिनिटांपेक्षा वाईट; अडखळत येणारी ९० चित्रे एकसारख्या ६० हून डोळ्याला जास्त खुपतात.

अमेरिकेत वूस्टर येथे मार्क क्लेपूल नावाच्या प्राध्यापकांनी नेमबाजीच्या खेळांवर प्रयोग केले. चित्रांचा वेग घसरला की खेळाडूचा नेम जितका बिघडतो, तितका चित्रातला बारीकपणा कमी झाल्याने बिघडत नाही, असे त्यांना आढळले. आम्ही तेच केले. जुन्याच फोनवर सावल्या बंद केल्या, गवताची नक्षी उतरवली, चित्र थोडे भरड केले. खेळ बघता बघता सुतासारखा सरळ झाला. एक पैसा लागला नाही.

पण वडिलांशी माझा हिशेब राहिला होता. असल्फ्याच्या त्यांच्या खोलीत गेलो आणि सरळ सांगितले, "मी चुकलो होतो. पोरगा खरे बोलत होता. फोन घेऊ नका असे मीही म्हणतो, पण तुमच्याकडे पैसे नाहीत आणि खोक्यावरचा आकडा फसवा आहे, म्हणून. त्याला दिसत नाही म्हणून नव्हे."

ते काही बोलले नाहीत. भिंतीवर जुनीच ट्यूब होती. त्यांनी धाकटीच्या दप्तरातून पट्टी काढली, दोनदा हलवली, तिसऱ्यांदा जोरात हलवली आणि आत हाक मारली, "अगं, इकडे ये. हे बघ जरा." मुलगा दाराशी उभा होता.

"पण फोन नाही हं," ते त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. थोडी आणखी जोरात हलवा."