तीन वर्षांच्या पोराची कसली परीक्षा घेता?

अजून शर्टाची बटणे लावता येत नाहीत अशा पोराला टेबलापुढे बसवतात, स्ट्रॉबेरीचे चित्र दाखवतात आणि विचारतात, "व्हॉट इज धिस?" पोर आईचा पदर धरते. मॅडम कागदावर खूण करतात. झाली निवड! आणि याला परीक्षा म्हणायचे नाही बरे का, याचे नाव 'इंटरॅक्शन'.

कर्जत-खोपोलीकडे रुळांलगत टॉवर उठले, टॉवरांमागून इंग्रजी शाळा आल्या, आणि मुंबईचा हा रोगही त्याच लोकलने येतो आहे. ज्या संस्थाचालकांच्या उंबऱ्यापर्यंत तो पोचला असेल, त्यांनी कान उघडे ठेवून ऐकावे.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचे कलम १३ बजावते की, प्रवेश देताना मुलाला वा पालकांना कसलीही चाळणी लावायची नाही. पालकांनासुद्धा! म्हणजे "मिस्टर काय करतात? घरी इंग्लिश बोलता ना?" ही उलटतपासणीही बेकायदा. अर्ज जास्त आले तर सोडत काढा. पहिल्या गुन्ह्याला २५ हजारांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला ५० हजारांपर्यंत. (अल्पसंख्याक शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सूट मिळाली, बाकीच्यांना कोणी दिली?)

यावर लबाडांचे उत्तर तयार असते : कायदा सहा वर्षांपुढच्यांसाठी, आम्ही चाचणी घेतो नर्सरीला. वा रे हुशारी! पहिलीची सगळी बाके नर्सरीतच वाटून टाकायची आणि सहाव्या वर्षी दारात आलेल्याला सांगायचे, 'जागा नाही'.

हा बाजार भरतो तरी केव्हा? ऐन हिवाळ्यात. तेव्हा इथल्या कातकरी वाड्यांतल्या कितीतरी घरांना कुलपे असतात. दिवाळीनंतर बिऱ्हाड वीटभट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडावर परतते. याच कायद्याने खासगी शाळांत दुर्बल-वंचितांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांचे ऑनलाइन अर्जही २०२५ साली जानेवारीपासूनच भरून घेतले. जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, नकाशावर घराची खूण. भट्टीवर विटा थापणाऱ्या बाईने हे कोणाच्या मोबाइलवर करायचे? इंटरॅक्शनची पाळीच येत नाही, तिचे पोर त्याआधीच गळालेले असते.

सरकारची तर बातच सोडा. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याने फर्मान काढले की, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून मोकळीक. आमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा नसलेले गाव शोधायला निघालात तर चपला झिजतील! म्हणजे जवळजवळ सरसकट माफीच. उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ते रद्द केले म्हणून निभावले. माथेरानच्या हुतात्मा भाई कोतवालांनी याच मुलखातल्या गोरगरिबांसाठी शाळा काढल्या होत्या. दर २ जानेवारीला सिद्धगडावर त्यांना मानवंदना देणारे पुढारी या फर्मानाविरुद्ध किती बोलले?

आता शिक्षणाधिकाऱ्यांना विचारतो. चाळणी लावणाऱ्या शाळेवर खटला भरायचा तर कलम ३६ प्रमाणे अधिकृत अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते; पालक परस्पर कोर्टात जाऊ शकत नाही. किल्ली साहेबांच्याच खिशात. २०१० पासून रायगड जिल्ह्यात अशा किती परवानग्या दिल्या, किती दंड वसूल झाला, तो आकडा कर्जत आणि खालापूरच्या पंचायत समितीच्या फलकावर लावा. शून्य असेल तर शून्य लिहा, पण सही-शिक्क्यानिशी लिहा.