तिला विचारलं होतं का?

मागच्या आठवड्याच्या स्तंभावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: ‘ला ला लँड’ या चित्रपटात करिअरनं प्रेमाचा बळी घेतला. एकानं तर त्यातली अभिनेत्री होऊ पाहणारी मिया आणि जॅझ पियानोवादक सबॅस्टियन या दोघांनाही स्वार्थी ठरवून टाकलंय. हे वाचून मला खरोखर राग आला. स्वप्न बाळगणाऱ्या प्रत्येक जोडप्याच्या माथी आपण हाच आरोप मारतो.

दिग्दर्शक डेमियन शझेलनं ‘ला ला लँड’आधी दोनच वर्षं, 2014 मध्ये, ‘व्हिपलॅश’ केला होता. त्यातल्या ड्रमर अँड्र्यूला थिएटरच्या काउंटरवर पॉपकॉर्न विकणारी निकोल आवडते. पिझ्झा खाता खाता कळतं, की ती कॉलेजात आहे, पण कोणता विषय घ्यायचा हे तिचं अजून ठरलेलं नाही. हे त्याला समजतच नाही. इतकं अधांतरी कुणी कसं जगू शकतं, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. पुढे एक दिवस तो तिला समोर बसवतो आणि भविष्यच ऐकवतो: मी सराव करत राहणार, तू वेळ मागणार, मग दोघं एकमेकांचा द्वेष करणार, तेव्हा आत्ताच थांबू. निकोलनं यातलं काहीही मागितलेलं नसतं. तिच्या वतीनं प्रश्नही तोच विचारतो, उत्तरही तोच देतो.

आता ‘ला ला लँड’ पाहा. मिया फोनवर आईशी बोलतेय. सबॅस्टियन क्लब काढणार आहे; नाही, अजून काढलेला नाही, पैसे साठवतोय; नाही, कायमचं काम नाही. ती त्याची बाजू घेतेय. तो मात्र पलंगावर पडल्या पडल्या छतावरचा ओलीचा डाग बघतो आणि मनाशी ठरवून टाकतो, की हिला स्थिर मिळकतीचा माणूस हवाय. मग ज्या बँडच्या संगीतावर त्याचा विश्वास नाही, त्याच बँडबरोबर तो गावोगाव फिरू लागतो. अँड्र्यू स्वप्नासाठी मुलीला सोडतो, सबॅस्टियन मुलीसाठी स्वप्न सोडतो. दोघांची चूक एकच. तिला विचारलंच नाही.

आकर्षणाचं मानसशास्त्र इथे उपयोगी पडतं. आर्थर आणि इलेन अ‍ॅरन या संशोधक दांपत्यानं 1980च्या दशकात मांडलं, की जवळच्या नात्यात माणूस दुसऱ्याला आपल्यात सामावून घेतो आणि स्वतः विस्तारतो. मियाला जॅझ आवडत नव्हतं. सबॅस्टियन तिला क्लबात नेऊन एकेका वादकाकडे बोट दाखवत ते ऐकायला शिकवतो. तो तिला ऑडिशनच्या रांगेतून बाहेर पडून स्वतःचं नाटक लिहायला लावतो. कॅरिल रसबल्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी पुढचा मुद्दा मांडला: चांगला जोडीदार आपल्याला आपल्याच आदर्श रूपाकडे घडवत नेतो. म्हणून एका रात्री जेवणाच्या टेबलावर मिया त्याला खडसावते, की तुझ्या क्लबचं काय? आणि तो दुखावून तिला म्हणतो, की मी अपयशी होतो तेव्हाच तुला आवडत होतो, कारण त्यानं तुला बरं वाटायचं. ओव्हनमध्ये जेवण जळून धूर होतो तो याच वाक्यापाठोपाठ. ती ज्या माणसाच्या प्रेमात पडली, त्याचीच बाजू घेऊन ती भांडत होती. हे त्याला दिसलं नाही.

नेहमीचा मुद्दा पुन्हा मांडतो: ‘मुलगा सेटल आहे का?’ या आपल्या लाडक्या प्रश्नानं किती मुलांना असं छताकडे बघायला लावलंय, याचा कुणी हिशेब ठेवत नाही. तो प्रश्न बहुतेक वेळा मुलगी विचारतही नसते.

शेवटाबद्दलही लोक घाईनं बोलतात. पाच वर्षांनी मिया नवऱ्याबरोबर ज्या क्लबात शिरते, त्याच्या पाटीवर तिनंच सुचवलेलं नाव आहे, अक्षरंही तिनंच काढून दिलेली. आणि ती अभिनेत्री झाली ती त्याच्यामुळे: नाटक पडल्यावर ती नेवाडात आईवडिलांकडे निघून गेली, तेव्हा लायब्ररीसमोरचं घर एवढ्या खुणेवर त्यानं तिला शोधून काढलं आणि ऑडिशनला नेलं. मग पियानोवर जे ‘असं झालं असतं तर’ उलगडतं, त्यात दोघांचा संसार आहे, पॅरिस आहे, मूल आहे. पण त्याच्या शेवटी सबॅस्टियन पियानोवर नाही, प्रेक्षकांत मियाशेजारी बसलाय. प्रत्यक्षात पियानोवर तो आहे, आणि क्लब त्याचा आहे. दोघांनी एकमेकांना जे दिलं ते टिकलं. लग्न झालं नाही म्हणून ते प्रेम फुकट गेलं असं मी मानायला तयार नाही.

ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना विनंती: आधी ‘व्हिपलॅश’ पाहा, मग ‘ला ला लँड’ पुन्हा एकदा पाहा, आणि तो फोनचा प्रसंग चुकवू नका. त्यानंतरही स्वार्थी म्हणावंसं वाटलं तर अवश्य लिहा, पत्र छापण्याची जबाबदारी माझी.